दुसऱ्या बोटीने दिलेली टीप: गरम समुद्रात किनाऱ्याकिनाऱ्याने फिरताना ती कशी घ्यायची, कशी द्यायची

शिडाच्या बोटीने किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणारे लोक एका जागी नांगर टाकून भेटले की तासाभरात वहीची पानं भरायला लागतात. पुढच्या खाडीत पाणी किती, नांगर कुठे धरतो, डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) कुठे लावायची, गोडं पाणी कुठे मिळतं. मला या फिरण्यातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं, कारण चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर नसलेली माहिती अशीच हातोहात मिळते. पण मिळालेली टीप जशीच्या तशी वापरायची नसते, तिला आधी काही प्रश्न विचारायचे असतात, आणि ते कुठले हे मला एका संध्याकाळी बोट वाळूवर बसली तेव्हा नीट कळलं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमच्या बोटीला तळ न टेकता तरंगायला १.९ मीटर पाणी लागतं. शेजारी एक कॅटामरान, म्हणजे दोन पोटांची बोट होती, त्यावरचं जोडपं फार प्रेमळ, त्यांनी सांगितलं की पुढच्या खाडीत तोंडापासून आतपर्यंत ३ मीटर पाणी आहे, खाली वाळू, निवांत आत जा. आम्ही गेलो. तोंड ओलांडल्यावर आधी वेग गेला, मग सुकाणू हातात जड लागलं, मग खालच्या ओट्यावरचे चमचे वाजले आणि बोट थांबली. इंजिन रिव्हर्सला टाकून बघितलं, मागे नुसता गढूळ वाळूचा ढग उठला. ओहोटी अजून दोन तास बाकी होती. नंतर हिशोब केला तर सगळं जागच्या जागी बसलं, त्यांनी ३ मीटर मोजलं ते भरतीला, त्या दिवशी पौर्णिमेचं उधाण, पाण्यातला फरक दीड मीटरचा, म्हणजे पूर्ण ओहोटीला उरणार दीड मीटर. त्यांच्या बोटीला एक मीटर पुरतं त्यामुळे त्यांना कधी काही जाणवलंच नाही. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे दुसरा नांगर डिंगीत घालून खोल पाण्याच्या बाजूला लांब नेऊन टाकायचा आणि त्याचा दोर बोटीवर ताणून ठेवायचा, नाहीतर भरती आली की ती बोटीला अजून आत ढकलते. खिडक्या, हॅच बंद करायचे, इंजिनला थंड पाणी ओढणारी नळी वाळू खेचतेय का बघायचं आणि शंका आली तर इंजिन बंद. आम्ही तेवढं केलं आणि तिरक्या बोटीवर वाट बघत बसलो, ओहोटीचे दोन तास आणि तेवढंच पाणी परत चढायला दोन, म्हणजे चार तासांनी बोट आपोआप सुटली.

तर पहिला प्रश्न, तुमच्या बोटीला पाणी किती लागतं? आणि लगेच दुसरा, तुम्ही गेलात तेव्हा भरती होती की ओहोटी, उधाण (सगळ्यात मोठी भरती-ओहोटी) होतं की भांग (सगळ्यात छोटी)? अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची ओहोटी आणि अष्टमीची ओहोटी यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. आणि सगळीकडे फरक सारखाही नसतो, पनामाचंच बघा, कॅरिबियन बाजूला भरती-ओहोटीचा फरक अर्धा मीटरही भरत नाही आणि कालवा ओलांडून पॅसिफिकच्या बाजूला आलं की उधाणाला तोच पाच मीटरच्या वर जातो. कालव्याच्या एका बाजूला वर्षभर फिरलेल्या माणसाला दुसऱ्या बाजूचं पाणी किती पळतं याची सवयच नसते. पाणी उतरतं तेही एकसारखं नाही, सहा तासांच्या ओहोटीचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात १, मग २, ३, ३, २ आणि शेवटच्या तासात परत १, म्हणजे मधल्या दोन तासांतच निम्मं पाणी जातं. आत शिरायचं ते चढत्या पाण्यावर, म्हणजे चुकून टेकलात तरी थोड्या वेळात सुटता.

तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत आणि तो फार महत्त्वाचा आहे, तुमचं खोलीचं मीटर कुठून मोजतं? काही जण ते पाण्याच्या पृष्ठभागापासून लावतात, काही जण कीलच्या, म्हणजे बोटीच्या सगळ्यात खालच्या भागाच्या खालून, काही जणांनी बसवल्यापासून हातच लावलेला नसतो. त्यामुळे एकाचे ३ मीटर म्हणजे दुसऱ्याचे पाच असू शकतात. फूट की मीटर तेही विचारा, लाजू नका.

पोझिशन, म्हणजे अक्षांश-रेखांश लिहून घेताना मिनिटं-सेकंदांचा घोळ सांभाळा. कोणी रेडिओवर "तीस पन्नास" म्हणालं तर ती ३० मिनिटं ५० सेकंद की ३०.५० मिनिटं? उत्तर-दक्षिण बाजूला एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर, आणि या दोन आकड्यांत २० सेकंदांचा फरक आहे, म्हणजे सहाशे मीटरच्या वर, आणि प्रवाळाच्या रांगेतून आत जाणारी वाट पन्नास मीटरचीसुद्धा असू शकते. म्हणून आकडा परत वाचून दाखवायचा आणि "दशांश मिनिटं ना?" असं विचारायचंच.

प्रवाळ असलेल्या ठिकाणी तर मी कोणाचाही ट्रॅक नुसता भरून ऑटोपायलटवर सोडत नाही. बऱ्याच बेटांचे सर्व्हे फार जुने आहेत, तुमचं जीपीएस बरोबर असतं आणि चार्टवरचं बेटच थोडं सरकलेलं असतं. इलेक्ट्रॉनिक चार्टचा अजून एक धोका म्हणजे झूम. २९ नोव्हेंबर २०१४ ला शिडाच्या बोटींच्या व्हॉल्वो ओशन रेसमधली टीम वेस्टास विंड ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराजोस नावाच्या प्रवाळावर रात्री जोरात आदळली, जगातले अव्वल खलाशी होते तिच्यावर, पण ज्या झूमवर ते चार्ट बघत होते त्यावर तो धोका नीट दिसतच नव्हता. माणसं सगळी वाचली. तेव्हापासून मी रात्रीचा पूर्ण रस्ता आधी दिवसा, बसून, जास्तीत जास्त झूम करून टोकापासून टोकापर्यंत बोटाने सरकवत बघतो. कंटाळवाणं काम आहे, अर्धा तास जातो, पण करतोच.

प्रत्यक्ष आत जायचं ते साधारण सकाळी १० ते दुपारी ३ मध्ये, सूर्य वर किंवा पाठीमागे असताना, पोलराइज्ड चष्मा लावून एक माणूस पुढे नाळेवर (बोटीच्या पुढच्या टोकावर) उभा, जमत असेल तर अजून उंच चढलेला. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवट निळं म्हणजे वाळू आणि कमी पाणी, तपकिरी-पिवळट दिसलं की प्रवाळ, तिथून लांब. ढगाची सावलीही तशीच काळपट दिसते पण ती सरकते, थोडं थांबून बघितलं की कळतं. आरशासारखं शांत पाणी लोकांना आवडतं, पण त्यात तळाचे रंग ओळखायला उलट त्रास होतो, हलक्या लहरी असल्या तर बरं. सूर्य समोरून डोळ्यांवर येत असेल तर कोणी कितीही "सोपं आहे" म्हटलं तरी बाहेर घिरट्या घाला किंवा दुसरीकडे रात्र काढा.

"नांगर छान धरतो" ही टीप ऐकली की विचारा, किती साखळी सोडली होती? माझा हिशोब असा, आत्ताचं पाणी, अधिक अजून चढणारी भरती, अधिक पाण्यापासून नाळेची उंची, आणि याच्या पाचपट साखळी. म्हणजे ५ मीटर पाणी, २ मीटर भरती यायचीय, नाळ १ मीटर वर, झाले ८, म्हणून ४० मीटर. साखळीऐवजी बराचसा दोर असेल तर सातपट. मग इंजिन रिव्हर्सला हळूहळू वाढवत ताण द्यायचा आणि हात साखळीवर ठेवायचा. साखळी कुरकुरत, थरथरत असेल तर नांगर खाली घसरतोय, नुसती ताठ होऊन परत सैल होत असेल तर धरलाय. ही गोष्ट एकदा हाताला कळली की कुठल्याही अलार्मपेक्षा मला तिचा जास्त भरवसा वाटतो, अलार्म लावतोच ते वेगळं.

नांगर वाळूच्या मोकळ्या तुकड्यातच पडला पाहिजे. प्रवाळावर टाकलेली साखळी रात्री वारा फिरला की दगडांभोवती गुंडाळली जाते, मग सोडलेल्या ४० मीटरमधली कामाची दहाच उरते आणि बोट झटके खायला लागते. तो आवाज बोटीच्या पोटातून येतो, दाढा घासल्यासारखा. आणि त्या प्रत्येक घासण्यात खाली कित्येक वर्षांची वाढ मोडत असते, मला ते ऐकवत नाही. साखळीला मधे मधे दोन-तीन फ्लोट बांधले तर ती तळापासून उचललेली राहते, त्यासाठी पाच मिनिटं लागतात.

वाऱ्याच्या टीपेत महिना आणि दिशा नसेल तर ती सोडून द्या. "एकदम शांत जागा" म्हणजे कुठल्या वाऱ्याला शांत? उत्तर अटलांटिकमध्ये हरिकेनचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, दक्षिण पॅसिफिकमध्ये उलट, नोव्हेंबर ते एप्रिल, तेव्हा मार्चमधला अनुभव जुलैत कामाचा नाही. मेक्सिकोच्या तेवांतेपेकच्या आखातात हिवाळ्यात डोंगरातल्या खिंडीतून उत्तरेचा वारा असा सुटतो की खोल समुद्रात त्याच्या लाटा फार मोठ्या होतात, म्हणून तिथे जुनी टीप आहे की किनाऱ्याला अगदी चिकटून जा, जमिनीजवळ वारा असतो पण लाट वाढायला जागा नसते. ही टीप तिथे सोन्यासारखी आहे, पण वारा समुद्राकडून येत असेल तिथे तीच वापरली तर बोट थेट खडकावर.

साध्या दिवशी मात्र किनाऱ्याचा फायदा घ्या. दुपारी खारा वारा चढतो आणि उशिरा रात्री जमिनीवरून मतलई सुटतो, तो पहाटेपर्यंत टिकतो. नेहमीच्या वाऱ्याच्या विरुद्ध जायचं असेल तर आम्ही पहाटे तीनला नांगर उचलतो, किनाऱ्यापासून दोन-तीन मैलांवरून मतलईवर जेवढं जमेल तेवढं जातो आणि खारा वारा जोर धरायच्या आत पुढच्या आडोशाला. अडचण एकच, त्याच पट्ट्यात जाळी असतात आणि काही होड्यांना दिवाही नसतो, त्यामुळे एक जण टॉर्च घेऊन पुढे बसलेलाच हवा. इंजिनच्या पंख्यात दोर गेलाच तर इंजिन बंद, किल्ली काढून खिशात, आणि उजाडल्यावर लाट नसेल तरच खाली उतरायचं.

प्रवाळाच्या रांगेवरचे मोठे मासे, खास करून बराकुडा, पकडून खायची टीप मिळाली तर त्या भागातल्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय नको. अशा माशांत असणारं सिग्वाटेरा नावाचं विष शिजवून जात नाही आणि माशाच्या चवीवरून किंवा वासावरून कळतही नाही.

आता टीप द्यायची कशी. रेडिओवर १६ नंबरच्या चॅनेलवर हाक मारा आणि लगेच दुसऱ्या चॅनेलवर जा, १६ अडवून गप्पा नकोत. मी वहीत प्रत्येक जागेला एवढं लिहितो आणि तेवढंच पुढे सांगतो: तारीख, वेळ, भरतीची स्थिती, आमच्या बोटीला लागणारं पाणी, मीटर कुठून मोजतं, तळाला काय, साखळी किती, वारा कुठून, लाट कुठून, पोझिशन दशांश मिनिटांत. जिथे स्वतः गेलो नाही, नुसतं ऐकलं, तिथे "ऐकीव" असं लिहितो. बिघडलेलं तर आवर्जून सांगतो. त्या कॅटामरानवाल्यांना मी दुसऱ्या दिवशी रेडिओवर गाठलं आणि खाडीच्या तोंडावरचे आमचे आकडे दिले, त्यांनी ते लिहून घेतले आणि त्याच दुपारी मागून येणाऱ्या, दोन मीटर पाणी लागणाऱ्या एका बोटीला कळवले, ती बोट बाहेरच थांबली आणि सकाळच्या भरतीला आत आली.