गाडी सुरू होत नसेल तर विजेचा दोष कसा शोधावा

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात मोटारसायकल रात्रंदिवस ओलीतच असते. टर्मिनलवर क्षार साचतो, जोडण्यांत पाणी शिरते आणि आडोशाच्या शोधात आलेले उंदीर वायरी कुरतडतात. अथणीच्या बाजूला मात्र उन्हाळ्यात बॅटरीतील पाणी आटते. दोन्हीकडे लोक पहिल्यांदा नवी बॅटरी विकत घेण्याचा विचार करतात. माझ्या मते, मोजल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये, कारण दोष बहुतेक वेळा एखाद्या सैल जोडणीत किंवा जळालेल्या फ्यूजमध्ये असतो.

हत्यार हाती घेण्यापूर्वी हँडलवरील किल स्विच (इंजिन बंद करणारे बटण) चालू स्थितीत आहे का, साइड स्टँड वर केला आहे का आणि गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, हे पाहावे. अनेक गाड्यांत गिअर पडलेला असताना क्लच दाबल्याशिवाय बटण स्टार्ट चालत नाही, म्हणून क्लच दाबूनही एकदा प्रयत्न करावा. चिखलाने साइड स्टँडचा स्विच अडकल्यामुळे थांबलेली गाडी नुसता तो स्विच धुऊन सुरू होते.

यानंतर किल्ली फिरवून न्यूट्रलचा दिवा, हॉर्न आणि हेडलाइट यांवर लक्ष ठेवावे. काहीच चालत नसेल, तर बॅटरी पूर्ण उतरली आहे, नाहीतर मुख्य फ्यूज, बॅटरीची जोडणी किंवा इग्निशन स्विच यांपैकी एका ठिकाणी प्रवाह तुटलेला आहे. दिवे लागतात, पण बटण दाबताच मंद होतात आणि टक-टक असा आवाज येतो, याचा अर्थ बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहेत. दिवे उजळ राहून एकच 'टक' ऐकू आला, तर संशय स्टार्टर रिले (बॅटरीचा प्रवाह स्टार्टर मोटरला जोडणारा स्विच) किंवा त्या मोटरवर घ्यावा. काहीच आवाज नसेल, तर स्टार्टचे बटण, क्लचचा स्विच आणि रिलेकडे जाणारी वायर तपासावी.

बॅटरी तपासण्यासाठी साधा डिजिटल मल्टिमीटर (व्होल्ट मोजणारे यंत्र) पुरतो. गाडी काही तास बंद असताना मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावावा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक आल्यास बॅटरी पूर्ण भरलेली आहे, १२.२च्या आसपास ती निम्मी उरली आहे, आणि १२च्या खाली गेल्यास तिला चार्जिंग हवे. मात्र केवळ या आकड्यावर निष्कर्ष काढू नये. बटण दाबून ठेवलेले असताना वाचन सुमारे ९.५ व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर आधीचा आकडा चांगला असूनही बॅटरी दमली आहे. ज्या बॅटरीला झाकणे असतात तिच्यातील पाणी दोन खुणांच्या मध्ये असावे; कमी असल्यास केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे, विहिरीचे किंवा नळाचे पाणी कधीही नाही. सीलबंद बॅटरी उघडू नये.

टर्मिनल साफ करताना प्रथम ऋण आणि नंतर धन वायर सोडावी, आणि जोडताना क्रम उलटा ठेवावा, म्हणजे पान्याचा चुकून फ्रेमला स्पर्श झाला तरी शॉर्ट होत नाही. पांढरा-हिरवा थर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून ब्रशने काढावा, कोरडे पुसावे, घट्ट कसावे आणि वरून व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा. बॅटरीपासून फ्रेमला किंवा इंजिनला जाणारी अर्थिंगची वायरही त्याच वेळी खरडून स्वच्छ करावी. ती नेहमी दुर्लक्षित राहते.

जळालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज बसवावा. वायरचा तुकडा किंवा चांदी (सिगारेटच्या पाकिटातील कागद) घालू नये, कारण दोष तसाच राहतो आणि वायरिंग पेट घेऊ शकते. नवा फ्यूज लगेच उडाला, तर हँडलजवळ वळणाऱ्या आणि सीटखालच्या वायरी निरखून पाहाव्यात. तिथेच घासण्याच्या व कुरतडल्याच्या खुणा सापडतात.

इंजिन जोरात फिरते, पण पेट घेत नाही, असे असल्यास स्पार्क तपासावा. स्पार्क प्लग काढून त्याच्या वायरच्या कॅपमध्ये बसवावा, त्याची धातूची बाजू इंजिनला टेकवावी आणि सुक्या कापडाने किंवा इन्सुलेटेड पकडीने धरावा. हात मोकळा लावू नये आणि पेट्रोलची गळती किंवा वाफ जवळ असता कामा नये. स्टार्टचे बटण दाबल्यावर निळसर, ठसठशीत ठिणगी दिसली पाहिजे. ती नसेल, तर आधी प्लग बदलून पाहावा, मग कॅप, आणि त्यानंतरच कॉइलचा (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) विचार करावा. बीएस-६ (प्रदूषणाचे नवे मानक) फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत किल्ली फिरवताच पंपाची दोन-तीन सेकंदांची घुंई ऐकू येते. ती आली नाही, तर स्पार्क शोधण्याआधी पंपाचा फ्यूज पाहावा. अशा गाडीची बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर चोर्ला घाटाच्या उतारावर धक्का देऊनही ती सुरू होईलच असे नाही.

गाडी सुरू झाली म्हणजे काम संपले असे मानू नये. इंजिन मध्यम वेगात ठेवून बॅटरीवर पुन्हा मीटर लावावा, १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. १३च्या खालीच राहत असेल, तर स्टेटर (इंजिनमधील वीज तयार करणारा भाग) किंवा रेक्टिफायर (ती वीज बॅटरीसाठी योग्य करणारा भाग) चार्जिंग करत नाही, आणि १५च्या वर जात असेल, तर रेक्टिफायर बॅटरीला जाळत आहे. या दोन्ही स्थितींत नवी बॅटरीही थोड्याच आठवड्यांत खराब होते, म्हणून गॅरेजमध्ये जाताना बंद, स्टार्ट करताना आणि चालू अशा तिन्ही वेळचे आकडे लिहून मेस्त्रींना दाखवावेत.