लडलोचं सेंट लॉरेन्स चर्च बघताना आधी आसनांखाली बघा

इंग्लंडच्या श्रॉपशरमधल्या लडलो गावी गेलात तर किल्ला बघून लगेच परत फिरू नका. बाजारचौकापासून दोन मिनिटांवर सेंट लॉरेन्स चर्च आहे. शक्यतो रविवारी सकाळी जाऊ नका. तेव्हा प्रार्थना असते आणि आत मोकळेपणानं फिरता येत नाही.

आत शिरल्यावर थेट पूर्वेकडे, गायकवृंदाच्या जागेत जा. तिथली लाकडी आसनं बिजागरीवर उचलता येतात आणि प्रत्येकाच्या खालच्या बाजूला छोटी फळी आहे. लांबलचक प्रार्थनेत उभं राहून थकलेल्यांना तिच्यावर जरासं टेकता यावं, म्हणून ही सोय. त्या फळीखाली 15 व्या शतकातल्या सुतारांनी अक्षरशः गावच कोरलंय: शेकोटीजवळ ऊब घेणारा माणूस, हंसिणींना प्रवचन देणारा बिशपच्या वेशातला कोल्हा, आणि मापात मारणारी दारूवाली, जिला सैतान नरकात घेऊन चाललाय. सगळ्यात सुरेख हीच, तिला सोडू नका. जागा अंधारी असते, त्यामुळे मोबाइलचा टॉर्च बाजूनं तिरपा धरा. समोरून धरलात तर कोरीवकाम सपाट दिसतं. आसन खाली असेल तर स्वतः उचलू नका, तिथल्या स्वयंसेवकांना विचारा.

मनोऱ्याला सुमारे 200 पायऱ्या आहेत, जिना गोल आणि अरुंद. गुडघे दुखत असतील तर खुशाल टाळा. त्याऐवजी बाहेर उत्तरेकडच्या भिंतीशी जा, तिथे कवी ए. ई. हाउसमन यांची रक्षा पुरलेली आहे. निघताना दानपेटीत काहीतरी जरूर टाका; एवढी जुनी इमारत सांभाळायला पैसा लागतो.