रविवारी एकच दार: घरची गाडी मनासारखी करताना

घरात एकच गाडी असेल आणि तिच्यावर हात चालवायची हौसही असेल, तर स्वतःला एक नियम घालून घ्या: सोमवारी सकाळी ती ऑफिसला निघालीच पाहिजे. इंदूरला सुदामानगरात, घरासमोरच्या नीमाखाली, मी माझ्या जुन्या ऑल्टो 800 वर असंच काम करत आलोय. एका रविवारी एकच काम, आणि दुपारच्या जेवणाआधी गाडी पुन्हा उभी. घरच्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, म्हणजे नेमकं कुणाला तरी स्टेशनवर सोडायचं निघत नाही.

सुरुवात दारांपासून करा. छोट्या गाडीच्या दाराचा बाहेरचा पत्रा पातळ असतो. एबी रोडवर शेजारून ट्रक गेला की तो थरथरतो आणि ती थरथरच आपल्याला आवाज म्हणून ऐकू येते. पत्र्याला आतून डॅम्पिंग शीट, म्हणजे थरथर जिरवणारा जड चिकट पत्ता, चिकटवली की ती थरथर शांत होते. या कामात इंजिनाला, ब्रेकला, दिव्यांना हात लागत नाही, आणि गाडी बाहेरून होती तशीच दिसते. हे महत्त्वाचं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत. गाडीचा रंग बदलायचा तर आरटीओकडे नोंद करावी लागते. कानठळ्या बसवणारा सायलेन्सर आणि काचांवरची काळी फिल्म यांच्या नादी तर लागूच नका.

काम फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करा. थंडीत पत्रा गार असतो, शीट नीट धरत नाही. मे महिन्यात अकरानंतर त्याच पत्र्याला हात लावता येत नाही. रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंग उधळत निघणारी मिरवणूक, मात्र होऊन जाऊ द्या, नाहीतर उघड्या दारात गुलाल जाऊन बसतो.

शीट ब्यूटाइल रबराची, 2 मिलिमीटर जाडीची, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा असलेली घ्या. डांबरी शीट स्वस्त पडते, पण माळव्याच्या उन्हात मऊ होते आणि बंद गाडीत वास मारते. छोटा रोलर, पॅनल (दाराचं आतलं झाकण) उचकटायची प्लास्टिकची पट्टी आणि जाड हातमोजे हवेत. पापुद्र्याची कड ब्लेडसारखी कापते. सियागंजात हत्यारं मिळतात. पॅनलच्या पाच-सहा क्लिपा जादा आणून ठेवा, जुन्या क्लिपा हमखास तुटतात.

आता दार. आधी काच पूर्ण वर करा. पॉवर विंडो असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. दारात एअरबॅगचा सेन्सर असेल, तर हे काम घरी करू नका. काच फिरवायचा हँडल स्क्रूने बसवलेला नसतो, त्याच्यामागे तारेची एक छोटी क्लिप असते. जुन्या सुती कापडाची पट्टी हँडल आणि पॅनल यांच्या फटीत घाला, दोन्ही टोकं धरून करवतीसारखी पुढे-मागे ओढा. कापड क्लिपेच्या टोकात अडकतं आणि ती टक् करून उडते. दुसरा हात समोर धरा, ती गटारात गेली की दुकान गाठावं लागतं.

मग दार उघडायच्या खटक्यामागचा आणि हात धरायच्या खाचेतला स्क्रू काढा. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो घ्या, स्क्रू बर्फाच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. पॅनल खालच्या कोपऱ्यापासून उचकटत जा, शेवटी वर उचलून काचेच्या कडेतून सोडवा.

आत काळ्या चिकट गोंदाने लावलेला प्लास्टिकचा कागद दिसेल. तो फाडू नका, फेकूही नका, हळूहळू सोलून बाजूला ठेवा. काचेवरून ओघळणारं पावसाचं पाणी दाराच्या आतच उतरतं. हा कागद ते गाडीत येऊ देत नाही, खाली पाठवतो. दाराच्या तळाशी दोन-तीन भोकं असतात, तिथून ते बाहेर पडतं.

बाहेरच्या पत्र्यावर वर्षानुवर्षांची काळ्या मातीची धूळ बसलेली असते. आधी कोरड्या फडक्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फडकं पांढरं निघेपर्यंत पुसत राहा. इथे घाई केली, तर शीट एका उन्हाळ्यात सुटते. सगळा पत्रा मढवायची गरज नाही. मधल्या मोठ्या मोकळ्या भागाचा एक तृतीयांश झाकला तरी पुरतो. तळहाताएवढे तुकडे कापा, चिकटवा, पापुद्र्यावरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर दाबून फिरवा. आधी आणि नंतर बोटाच्या पेराने पत्रा वाजवून बघा. आधी ‘टण्ण’ येतं, नंतर ‘ठक’. तो ‘ठक’ पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी शेजारच्या काकांना हाक मारून वाजवायला लावला होता.

काचेच्या वाटेत आणि कुलपाच्या सळईजवळ शीट लावू नका. तळाची भोकं मोकळी ठेवा. माझ्या पहिल्या दारात एक तुकडा त्या भोकांवर गेला. आषाढात वळणावर दारात पाणी खळखळायला लागलं. मी कळूनही आठवडाभर टाळलं, आणि खालच्या शिवणीला गंज धरला. तो खरवडून प्रायमर लावायला पुढचे दोन रविवार गेले.

पॅनल बसवण्याआधी काच दोनदा वर-खाली करा, कुलूप लावून-उघडून बघा. प्लास्टिकचा कागद त्याच गोंदावर दाबून बसवा. मग पॅनल लावा, हँडलची क्लिप आधी हँडलातच सरकवा, हँडल दारातल्या दांड्यावर ठेवून तळहाताने ठोका, टक् झालं की बसली. शीटमागचे निघालेले कागद सकाळच्या कचरागाडीत सुक्या कचऱ्यात टाका.

दुसरं दार पुढच्या रविवारी. चारही झाली की पहिल्या जोराच्या पावसानंतर प्रत्येक दाराखाली वाकून बघा. तळाच्या भोकांतून थेंब पडताना दिसले पाहिजेत. एखादं कोरडं असेल, तर पातळ केबल टाय आत घालून फिरवा, आधी थोडी काळी माती येईल, मग पाणी.