टर्बो गाडीसाठी थंड हवेचा इनटेक स्वतः कसा बनवावा

टर्बो गाडी, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर असलेली गाडी, घेतली की पहिला हात बहुतेकदा इनटेकला, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणाऱ्या मार्गाला लागतो. बाजारात तयार किट मिळतं: शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर आणि एक चकचकीत पाइप. बसवलं की टर्बोचा आवाज छान मोकळा होतो. पण तो फिल्टर बोनेटखालची तापलेली हवा ओढत असेल, तर त्याला थंड हवेचा इनटेक म्हणता येत नाही. माझं ठाम मत आहे की इनटेकमध्ये सगळ्यात महत्त्वाची असते ती फिल्टरभोवतीची बंद पेटी. पाइपचा नंबर त्यानंतर लागतो आणि आवाजाचा सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी २०१७ साली भारतात आलेली स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २३० घेऊ. इंजिन १९८४ सीसी, ताकद २३० हॉर्सपॉवर, टॉर्क ३५० न्यूटन-मीटर. हिचा टर्बो इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) बाजूला आहे, आणि हवा आत येते पुढून, ग्रिलच्या मागून. म्हणजे हवेला गरम इंजिनाला वळसा घालून मागे जावं लागतं. तुमच्याकडे चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय असेल किंवा दुसरी कुठली टर्बो पेट्रोल, तरी मापं बदलतील, कामाचा क्रम हाच राहील.

आधी मोजा, मग कापा

कंपनीचा इनटेक मुळात किती अडवतो आणि किती तापतो, हे कळल्याशिवाय पत्र्याला हात लावू नका.

अडथळा मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल ट्यूब तीनेक मीटर घ्या. मीटरभर उंचीच्या फळीवर इंग्रजी यू आकारात बसवा आणि निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक उघडं, दुसरं इनटेकला. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत १० सेंटीमीटर फरक म्हणजे सुमारे १ किलोपास्कल दाब कमी. इनटेककडे जाणाऱ्या नळीत मध्ये एक रिकामी, घट्ट झाकणाची बाटली जोडाच. पाणी चुकून वर चढलं तर ते बाटलीत थांबलं पाहिजे, टर्बोत जाता कामा नये.

मोजमाप तीन ठिकाणी घ्या: फिल्टरच्या आधी पेटीत, फिल्टरच्या लगेच नंतर, आणि टर्बोच्या तोंडाजवळ. त्यावरून दोषी कोण ते कळतं, हवा आत घेणारं पुढचं तोंड, फिल्टर की पाइप. मूळ पाइपला भोक पाडू नका. निपल असलेला सिलिकॉनचा जोड तात्पुरता बसवा. हे काम डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच रोलरवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर करा. पूर्ण थ्रॉटलला फळीकडे बघत गाडी चालवण्याची जागा रस्ता नव्हे. टर्बोजवळचा आकडा २ किलोपास्कलच्या आत असेल, तर पाइप बदलून हाती फार काही लागणार नाही, असं मी धरतो.

तापमानासाठी थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावलेला साधा मल्टिमीटर पुरतो. त्याची तार फिल्टरजवळ सोडा आणि बाहेरच्या हवेशी तुलना करा. ओबीडी रीडरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणाऱ्या उपकरणावर) दिसणाऱ्या तापमानावर इथे विसंबू नका, कारण अनेक टर्बो गाड्यांत तो सेन्सर इंटरकूलरनंतर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरनंतर असतो. आपल्याला हवं आहे टर्बोत शिरणाऱ्या हवेचं तापमान.

त्याचा परिणाम केवढा, ते बघा. ६० अंशांची हवा ३५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे साडेसात टक्के विरळ असते. शिवाय टर्बो हवा दाबतो तेव्हा हा फरक वाढतो. दाब दुप्पट आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ३५ अंशांची हवा सुमारे १३० अंशांवर बाहेर पडते आणि ६० अंशांची १६३ वर. आधीचा २५ अंशांचा फरक आता ३३ झाला, आणि तो सगळा भार इंटरकूलरवर आला.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कंपनीच्या मूळ मॅपवर (संगणकातल्या इंजिनाच्या सेटिंगवर) चालणाऱ्या गाडीत संगणक ठरलेला बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, गाठतोच, इनटेक कोणताही असो. त्यामुळे ताकदीत मोठी उडी अपेक्षू नका. फायदा होतो तो टर्बोला कमी कष्ट पडण्यात आणि उन्हाळ्यात, गर्दीतून सुटल्यावर, गाडी लवकर ताळ्यावर येण्यात. रीमॅप केलेल्या गाडीत, जिथे टर्बो आधीच त्याच्या मर्यादेजवळ आहे, तिथे मात्र हे काम खरोखर मोलाचं ठरतं. पुण्यात, समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे ६ टक्के कमी असतो. तेवढं जादा काम टर्बो तिथे रोज करतोच.

पाइप केवढा हवा

ढोबळ हिशोब असा: दर १० हॉर्सपॉवरमागे मिनिटाला साधारण ४५० ग्रॅम हवा. २३० हॉर्सपॉवरला झाली सुमारे साडेदहा किलो. ४० अंशांच्या हवेत ती मिनिटाला नऊ घनमीटरांच्या थोडी वर जाते. ६३ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा, २ मिलिमीटर जाडीचा पाइप घेतला तर हवा त्यातून सेकंदाला ५६ मीटर वेगाने जाईल. ७६ मिलिमीटरच्या पाइपमधून ३८ मीटरने. वळणांवर होणारा दाबाचा तोटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून मोठ्या पाइपात तो निम्म्याहून कमी. या ताकदीला ७६ पुरेसा. त्याहून मोठा बसवायला जागाही मिळत नाही आणि टर्बोचं तोंड लहान असल्याने शेवटी आवळावा लागतोच.

पेटी: पुठ्ठ्यापासून पत्र्यापर्यंत

इथे वेळ घाला, घाई करू नका. मूळ एअरबॉक्स काढा आणि नीट गुंडाळून माळ्यावर ठेवा, विकू नका. मोकळ्या झालेल्या जागेत जाड पुठ्ठ्याचा साचा बनवा. तळ, बाजू, झाकण वेगवेगळे कापून चिकटपट्टीने जोडा, बोनेट हळूच लावून बघा. झाकणावर मळलेल्या कणकेचे चार गोळे ठेवून बोनेट बंद केलं की वर किती जागा उरते ते दबलेल्या गोळ्यांवरून कळतं. सगळीकडे किमान २० मिलिमीटर मोकळी जागा राहू द्या. इंजिन माउंटवर हलतं, आणि जागेवर उभ्या गाडीत दिसणारं अंतर जोर दिल्यावर तेवढंच राहत नाही.

आतला फिल्टर कोणता? घरी किंवा लहान फॅब्रिकेटरकडे काम करणाऱ्याला मी बंद पेटीतला शंकू फिल्टरच सुचवतो. चपट्या पॅनेल फिल्टरला चारी बाजूंनी तंतोतंत सपाट कड लागते. पत्रा जरा वाकला की तिथून धूळ थेट टर्बोत. शंकू फिल्टरची रबरी मान पाइपवर क्लॅम्पने आवळली की स्वच्छ बाजू तिथूनच सुरू होते. पेटीला कुठे बारीक फट राहिली तरी नुकसान फक्त थोड्या गरम हवेचं, धुळीचं नाही. त्यामुळे पेटीला पॉप रिव्हेट मारायलाही हरकत नाही. फिल्टरनंतरच्या भागात मात्र एकही रिव्हेट, स्क्रू किंवा नट नको. मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्यांवर एक सुटा स्क्रू गेला तर टर्बो संपला.

साच्यावरून दीड मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा कापून घ्या. पत्र्याचं काम करणाऱ्याकडे बेंडिंग मशीनवर घड्या घालून घ्या. हातोडीने ठोकलेल्या घडीला तडे जातात. फिल्टरच्या सर्व बाजूंना किमान २५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. इंजिनाकडच्या भिंतीला बाहेरून नायट्रिल रबराचा शीट चिकटवा, एसीच्या डक्टला लावतात तो. झाकणाच्या कडेला दाराची रबर बीडिंग बसवा. झाकण हाताने उघडता येईल असं करा, नाहीतर फिल्टर साफ करायचा कंटाळा येतो आणि तो तसाच राहतो.

पुढचं तोंड शक्यतो कंपनीच्याच जागी, ग्रिलच्या मागे, रेडिएटरच्या वर. तोंडाचं क्षेत्रफळ मी पाइपच्या दीडपट धरतो. फिल्टर खाली, बंपरच्या कोपऱ्यात नेण्याचा मोह टाळा. तिथे हवा नक्कीच जास्त थंड असते, पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर रस्त्यावर पाणी साचतं. फिल्टर पाण्यात गेला की इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. पेटीच्या तळाला ८ मिलिमीटरचं भोक ठेवून त्यावर बाहेरून रबरी पडदी लावा, म्हणजे पावसाचे शिंतोडे खाली निथळतील.

पाइप आणि जोड

ॲल्युमिनियमचे मँड्रेल बेंड (आत आधार ठेवून वाकवलेले तुकडे) वापरा. साध्या मशीनवर वाकवलेला पाइप वळणात चपटा होतो. तुकडे आर्गन वेल्डिंगने जोडा आणि आतून वेल्डचे दाणे पूर्ण घासून काढा. पाइप केरोसीनने धुऊन, कोरडा करून, पांढरं फडकं आतून फिरवा. फडक्यावर धातूची चकाकी दिसेनाशी होईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा.

मूळ पाइपला जितके फाटे होते तितके नव्यालाही हवेत, त्याच मापाचे. क्रँककेसची वाफ परत आणणारी नळी तर विसरूच नका. ती उघडी सोडली तर इंजिनात फिल्टर न झालेली हवा जाते आणि तेलाची वाफ बोनेटखाली पसरते.

टोकांना बाहेरून उठाव काढून घ्या, म्हणजे होज निसटत नाही. टर्बोकडे सिलिकॉनचा जोड आखूड ठेवा. या बाजूला दाब नव्हे, शोषण असतं. लांब आणि मऊ होज पूर्ण जोराला आतून चिमटते. लांबी टाळता येत नसेल तर आत तार असलेली होज घ्या. पाइपचं एक टोक पेटीला घट्ट, दुसरं टर्बोकडे लवचीक. दोन्हीकडे ताठ बांधला तर इंजिनाच्या हालचालीने वेल्ड तुटते.

धातूचा पाइप हवा तापवतो, ही भीती जोरात पळणाऱ्या गाडीबद्दल फारशी खरी नाही. ६० सेंटीमीटरचा पाइप हवा सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षाही कमी वेळात ओलांडते. सिग्नलला उभ्या गाडीत मात्र पाइप तापतो, म्हणून टर्बोजवळच्या भागाला उष्णता परतवणारी पट्टी गुंडाळलेली बरी. थ्रीडी प्रिंटरवर तुकडे बनवणाऱ्यांनी पीएलए वापरू नये. ६० अंशांच्या आसपास तो मऊ पडतो.

मॅफ सेन्सर असेल तर

काही गाड्यांत हवेचं वजन मोजणारा मॅफ सेन्सर फिल्टरनंतरच्या पाइपात असतो. तुमच्या गाडीत तो असेल, तर सेन्सर बसतो त्या तुकड्याचा आतला व्यास मिलिमीटरभरही बदलू नका. ७० चा ७६ केला तर क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढतं, सेन्सरला हवा सुमारे १५ टक्के कमी दिसते आणि संगणक पेट्रोल कमी सोडतो. बूस्टखाली असं मिश्रण पिस्टन जाळू शकतं. सेन्सर बसतो तो मूळ तुकडाच कापून नव्या पाइपात बसवा आणि त्याच्या आधी होईल तितका सरळ भाग ठेवा. तेल लावायच्या कापडी फिल्टरचं जादा तेलही या सेन्सरच्या तारेवर बसतं. अशा गाडीला कोरडा फिल्टर बरा.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत बदल करण्यावर बंधनं आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा तुरुंगवासाचीही तरतूद आहे. तुमच्या आरटीओत आणि विमा कंपनीत काम सुरू करण्यापूर्वी विचारा. वॉरंटी चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबा.

जोडल्यावर

इंजिन बंद असताना, अंधारात, पेटीत टॉर्च ठेवा. जिथून उजेड दिसेल तिथून गरम हवा येणार. तिथे बीडिंग वाढवा. मग गाडी सुरू करून ओबीडी रीडरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक पेट्रोलात करत असलेला कमीजास्त बदल, बघा. जुन्या आकड्यांपासून ५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. १० च्या पुढे गेला तर गाडी जोरात चालवू नका, गळती किंवा सेन्सर शोधा.

नंतर लेव्हल ट्यूब आणि थर्मोकपल घेऊन पहिल्याच ठिकाणी, त्याच डायनोवर, शक्यतो तशाच हवेत पुन्हा मोजा. पेटीतलं तापमान चालत्या गाडीत बाहेरच्या हवेपेक्षा ५ अंशांच्या आत राहिलं तर पेटी जमली. जास्त असेल तर आधी पुढच्या तोंडाभोवती रेडिएटरची गरम हवा वळून येते का ते बघा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

शेवटची तपासणी धुळीची. फिल्टरनंतरच्या पाइपात आतून ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा आणि आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा, जमल्यास कच्च्या रस्त्यानेही. मग जोड उघडून त्या जागी बोट फिरवा. ग्रीस गुळगुळीत लागलं पाहिजे. बोटाला कचकच जाणवली तर फिल्टरच्या मानेचा क्लॅम्प सोडून पुन्हा बसवा, आणि तोवर गाडी घराबाहेर काढू नका.