चंदन पिवळं पडलं की आधी कुदळ घ्या

वनस्पती रोगशास्त्रात एमएस्सी करून चंदनाच्या कामाला लागले तेव्हा माझ्या पिशवीत भिंग होतं, काचपट्ट्या होत्या, पण कुदळ नव्हती. पहिल्याच वर्षी मराठवाड्यातल्या एका शेतात बोलावणं आलं. तीन वर्षांची झाडं, शेंडे पिवळे, काही वाळायला लागलेली. 'स्पाइक आलाय, आता काही राहत नाही,' असं कुणीतरी सांगितल्यामुळे शेतमालक काका हवालदिल झाले होते. स्पाइक हा चंदनाचा जीवघेणा रोग, त्याचं पुढे सांगते. मी पानं पाहिली, बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओतणं, लिहून दिलं आणि परत आले. दोन महिन्यांत आणखी झाडं गेली.

दुसऱ्या खेपेला खुरपणाऱ्या एका मावशी म्हणाल्या, "ताई, हितं पावसाळ्यानंतर वाफसाच येत नाही." वाफसा म्हणजे माती ओलसर, पण तिच्यात हवा खेळती असणं. तेव्हा कुठे आम्ही खणलं. फूट-दीड फुटाखाली गच्च ओली काळी माती, कुजका वास. एक मूळ चिमटीत धरून हलकं ओढलं, तर साल माझ्या हातात आली आणि आतला दोरा तेवढा मातीत राहिला. वर ठिबक रोज चालू होतं. बांधाकडच्या मुरमाड चढावरची झाडं मात्र हिरवीगार होती. रोप तेच, पाणी तेच, जमीन वेगळी.

या क्षेत्रात येणाऱ्यांनी एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करावी. चंदन अर्धपरोपजीवी आहे. त्याची पानं स्वतः अन्न बनवतात, पण मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चूषकं लावून पाणी आणि क्षार ओढून घेतात. शेजारी लावलेल्या तुरीचं मूळ हलक्या हाताने धुऊन पाहा, चंदनाचं मूळ जिथे चिकटलंय तिथे घंटेच्या आकाराची छोटी पांढुरकी गाठ दिसेल. म्हणून जमीन तपासायची ती दोघांसाठी, चंदनासाठी आणि ज्याच्या मुळांवर ते जगतं त्या यजमान झाडासाठी. चंदनाला निचरा चांगला असूनही यजमान कुजलं, तर चंदन उपाशी राहतं. काकांच्या शेतात तूर काढून टाकली होती आणि तिच्या जागी करंज किंवा सुरू असं लांब पल्ल्याचं यजमान लावलंच नव्हतं. पाणी साचलेलं आणि वरून आधार गेलेला, मग फ्युजेरियमसारख्या बुरशीला कमजोर मुळं आयतीच मिळतात.

इथे एक फसगत होते, ती माझीही झाली. कुजक्या मुळातून फ्युजेरियम वाढवता आलं म्हणजे गुन्हेगार सापडला असं वाटतं. ही बुरशी बहुतेक शेतजमिनींत असतेच. निरोगी रोपाला ती देऊन तोच रोग उठतो का आणि त्यातून तीच बुरशी परत मिळते का, हे पाहिल्याशिवाय अहवालात तिचं नाव कारण म्हणून लिहू नका.

आता स्पाइकचं. त्यात पानं फक्त पिवळी पडत नाहीत. ती बारीक, अरुंद, ताठ होतात, पेरं आखूड होतात, फांदी झुबकेदार काटेरी दिसते, फळ धरत नाही आणि झाड दोन-तीन वर्षांत जातं. 1899 मध्ये कर्नाटकातल्या कोडगूत या रोगाची नोंद झाली. पुढे अनेक वर्षं जमिनीतलं अन्नद्रव्यांचं असंतुलन, वणवे, यजमानाची कमतरता अशी कारणं मांडली गेली. कलम बांधून रोग निरोगी झाडाला जातो हे दिसल्यावरही वाद मिटला नाही. 1969 मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोगी झाडात ज्याला आज फायटोप्लाझ्मा म्हणतो तो पेशीभित्तिका नसलेला, जिवाणूसारखा सूक्ष्म जीव दिसला. म्हणजे स्पाइक मातीतून उगवत नाही. रोगी झाडाच्या पानांत कॅल्शियम कमी भरतं, ते रोगामुळे. कारण आणि परिणाम उलटे धरले, की खतं टाकून रोग बरा करण्याच्या नादात रोगी झाड शेतात उभंच राहतं.

पिवळेपणाचं तिसरं कारण चुनखडीच्या जमिनीत हमखास भेटतं. कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. सामू (पीएच) जास्त असला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. याला औषध फवारू नका, आधी सामू आणि मुक्त चुना तपासून घ्या.

नमुना घेताना दोन खड्डे काढा, एक आजारी झाडापाशी, दुसरा जवळच्याच निरोगी झाडापाशी. एकट्या खड्ड्याच्या आकड्यांवरून काही कळत नाही, फरकावरून कळतं. खत टाकल्यानंतर लगेच माती घेऊ नका. मुळं ओलसर कागदात गुंडाळा, बंद प्लॅस्टिकमध्ये उन्हात ठेवली तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत सगळीच कुजतात. स्पाइकचा संशय असेल तर कोवळ्या फांद्या पीसीआर चाचणीला, म्हणजे रोगजंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीला, पाठवा.

शिक्षणासाठी दापोलीचं वनशास्त्र महाविद्यालय किंवा कृषी पदवी, दोन्ही वाटा चालतात. बंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेत चंदनावर दीर्घकाळ काम झालं आहे, जमेल तितके दिवस तिथे काढा. पण मृदाशास्त्राचा विषय पर्यायी असला तरी सोडू नका, मी सोडला होता.

काकांनी उतारावर चर काढले, ठिबक वाफशावर आणलं, करंज लावले. सखल कोपऱ्यातली झाडं वाचली नाहीत. तिथे त्यांनी पुन्हा चंदन लावू नये, हे मी या वेळी लेखी दिलं.