क्रूझवरून माचू पिचूला जाताना पहिली रात्र कुठे काढाल?

दक्षिण अमेरिकेच्या लांब क्रूझमध्ये दोन-तीन दिवस जहाज सोडून देशाच्या आत जायच्या सहली असतात. सगळ्यांच्या मागे लागू नका, दमछाक होते. एकच घ्यायची तर जहाज पेरूची राजधानी लिमाजवळच्या कायाओ बंदरात लागेल तेव्हा माचू पिचूची, म्हणजे डोंगरातल्या प्राचीन इंका शहराची घ्या.

पैसे भरण्याआधी पहिला मुक्काम कुठे आहे ते मात्र बघा. माचू पिचूसाठी विमान कुस्को शहरात उतरतं. ते ३,४०० मीटरवर आहे आणि तुम्ही समुद्रकाठावरून थेट तिथे पोचणार. एवढ्या उंचीवरच्या विरळ हवेत डोकं ठणकतं, मळमळतं, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. म्हणून विमानतळावरून सरळ खाली ओयांतायतांबो गावाला, म्हणजे साधारण २,८०० मीटरवर, नेणारी सहल निवडा. माचू पिचूची रेल्वे तिथूनही मिळते आणि माचू पिचू आणखी खाली, २,४३० मीटरवर आहे. कुस्को परतीच्या वाटेवर बघावं, तोवर अंगाला हवा मानवलेली असते. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बुकिंग करूच नका.

महाग पडली तरी ही सहल जहाजाच्या कंपनीकडूनच घ्या. स्वतः आखलेल्या सहलीत विमान चुकलं तर जहाज थांबत नाही. पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठावं लागतं.

याच क्रूझमध्ये अर्जेंटिना-ब्राझील सीमेवरचा इग्वासूचा धबधबा ब्राझीलच्या बाजूनेही बघायचा असेल, तर भारतीय पासपोर्टवर ब्राझीलचा व्हिसा लागतो. पीतज्वराची (यलो फिव्हरची) लसही वेळेत घ्या: तिचं प्रमाणपत्र १० दिवसांनी लागू होतं, आणि पेरू, अर्जेंटिना, ब्राझील या देशांतून भारतात परतताना ते मागतात.