पॉवरपीसीवाला जुना मॅक मिनी परत कामाला कसा लावायचा

१९९१ मध्ये ॲपल, आयबीएम आणि मोटोरोला एकत्र आले आणि त्यातून पॉवरपीसी हे प्रोसेसरचं घराणं निघालं, १९९४ पासून मॅकमध्ये हेच बसायला लागले. ॲपल ज्याला जी३ म्हणायचं तो मूळ पॉवरपीसी ७५०, त्याच्याच वंशातला ४८६ मेगाहर्ट्झचा गेको निन्टेंडोच्या गेमक्यूबमध्ये आणि ७२९ मेगाहर्ट्झचा ब्रॉडवे निन्टेंडोच्याच ‘वी’मध्ये (Wii) होता. एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ मध्ये पण पॉवरपीसीचेच कोर, ३.२ गिगाहर्ट्झचे. म्हणजे व्हिडिओ गेमचे सगळे मोठे कन्सोल पॉवरपीसीवर यायला लागले आणि नेमकं त्याच सुमाराला, जून २००५ मध्ये, ॲपलने इंटेलवर जायचं जाहीर केलं. मला अजून वाटतं की हे प्रोसेसर डेस्कटॉपवरून फार लवकर गेले.

ते हाताळून बघायचे असतील तर २००५ चा मॅक मिनी जी४ घ्या, म्हणजे जी३ नंतरच्या पिढीचा पॉवरपीसी असलेला ॲपलचा छोटा कॉम्प्युटर. लहान आहे, वीज कमी खातो, कुठलाही साधा मॉनिटर, यूएसबी कीबोर्ड आणि माउस चालतो. विंडोजचा कीबोर्ड असेल तर विंडोज की म्हणजे कमांड आणि आल्ट म्हणजे ऑप्शन, एवढं लक्षात ठेवा.

घेताना विकणाऱ्यासमोर चालू करून बघाच. सुरू होताना तो टणकन आवाज आला, स्क्रीनवर चित्र आलं, सीडी आत ओढली गेली आणि परत बाहेर आली की बरंचसं काम झालं. हार्डडिस्क कुरकुर करत असेल तर त्यामुळे मशीन सोडू नका, ती तशीही बदलायचीच आहे. मशीनबरोबर आलेल्या मूळ सीडी-डीव्हीडी मिळत असतील तर थोडे पैसे जास्त द्या पण त्या घ्या, का ते पुढे सांगतो.

आता उघडायचं. स्क्रू दिसत नाहीत कारण खालचा भाग आतल्या खाचांनी अडकवलेला असतो. रंगारी लांबी भरायला वापरतात ती पातळ पट्टी घ्या, मशीन उलटं ठेवा, कडेच्या फटीत पट्टी घाला आणि बाहेरच्या बाजूला हळू दाबत एकेक खाच सोडवा, घाई केली की प्लास्टिक तुटतं. आत आधी नाणंछाप सेल बदला, सीआर२०३२ कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो. हा मेला असेल तर तारीख दरवेळी कित्येक दशकं मागे जाते आणि मग नको तिथे एरर येत बसतात. रॅमचा खाचा एकच आहे, १ जीबीपेक्षा जास्त घेत नाही, तर सरळ १ जीबीची डीडीआर ३३३ ची पट्टी टाका. डिस्क अडीच इंची, ४४ पिनची जुनी आयडीई, तिच्या जागी ४४ पिनच्या ॲडॉप्टरवर एमसाटा प्रकारची छोटी एसएसडी बसवली की मशीन ओळखू येत नाही इतका फरक पडतो, खर्च करायचा तर इथेच करा.

सिस्टीम कुठली टाकायची? लेपर्डला, म्हणजे मॅक ओएस एक्स १०.५ ला, कमीत कमी ८६७ मेगाहर्ट्झचा जी४ आणि ५१२ एमबी रॅम लागते, मिनीवर ती चालते पण जड वाटते. मी टायगरच सांगेन, म्हणजे त्याआधीची १०.४, कारण ती हलकी आहे आणि क्लासिक (ते काय ते पुढे सांगतो) त्यातच आहे, लेपर्डमध्ये ते काढून टाकलं. टायगरची डीव्हीडी घाला, कीबोर्डवरची C ही की दाबून ठेवून चालू करा. इन्स्टॉल करायच्या आधी वरच्या मेन्यूतून डिस्क युटिलिटी उघडा आणि नवीन एसएसडी तिथेच फॉरमॅट करा. इथे बरेच जण अडकतात, दुसऱ्या इंटेल मॅकवर आधीच गुइड (GUID) या डिस्कचे भाग पाडायच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क लावतात आणि पॉवरपीसी त्यावरून बूटच होत नाही, त्याला ॲपल पार्टिशन मॅप ही जुनी पद्धत लागते. कुठून बूट करायचं ते निवडायला चालू करताना ऑप्शन दाबून ठेवा.

क्लासिक म्हणजे टायगरच्या आतच ओएस ९ चे, म्हणजे मॅकच्या त्याआधीच्या जुन्या सिस्टीमचे, प्रोग्राम चालवायची सोय. त्यासाठी ओएस ९ चा सिस्टीम फोल्डर लागतो, टायगरच्या दुकानातल्या डीव्हीडीत तो नसतो, म्हणून मशीनबरोबरच्या त्या मूळ डिस्क घ्यायच्या. आपल्याकडे डीटीपी आणि छापखान्यांत मॅक होते, तिथल्या क्वार्कएक्सप्रेस या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फायली, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधल्या, आजच्या मशीनवर नीट उघडत नाहीत. कुणाकडे घराण्याचा इतिहास, दिवाळी अंक, संस्थेची स्मरणिका असं काही त्या फायलींत अडकलं असेल तर तो मजकूर वाचवायला हे मशीन फार कामाचं आहे. क्वार्क आणि ते फॉन्ट क्लासिकमध्ये टाका, फाइल उघडा, प्रिंटमधून पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठीची) फाइल बनवा, ती टायगरच्या प्रिव्ह्यूमध्ये उघडली की पीडीएफ करून सेव्ह करता येते.

इंटरनेटचं मात्र जपून. टायगरचा सफारी आजच्या बहुतेक साइट उघडूच शकत नाही आणि टेनफोरफॉक्स या जुन्या पॉवरपीसी मॅकसाठीच्या ब्राउझरचे अधिकृत अपडेट २०२१ मध्ये थांबले, तर बँक, मेल, पासवर्ड यातलं काहीही इथे करू नका. पीडीएफ हलवायच्या तर पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, तो टायगरलाही कळतो आणि नव्या कॉम्प्युटरलाही.